वाड्याच्या खिडक्यांच्या काचा भट्टीत घालाव्यात का?

पंचवटीची_पोर
नमस्कार मंडळी. जुन्या नाशकातला आमचा वाडा यंदा पाडला. तुळया, चौकटी, पितळी कड्या ज्याला जे हवं ते त्यानं नेलं. खिडक्यांच्या काचा कुणालाच नको होत्या, त्या मी उचलून आणल्या. साध्या काचा बऱ्याच आहेत. त्यांतून पाहिलं की समोरची भिंत किंचित लहरते. शिवाय जिन्यावरच्या झरोक्यातल्या रंगीत काचा आहेत, लाल, निळ्या आणि हिरव्या.

मैत्रिणीकडे मातीकामाची इलेक्ट्रिक भट्टी आहे. बाजारातून ४ एमएमची साधी काच कापून आणली, तिच्यावर झरोक्यातले रंगीत तुकडे मांडले आणि ८२० डिग्रीपर्यंत नेलं. निघाली तेव्हा तबकडी झकास दिसत होती. काही दिवस खिडकीत ठेवली होती. मग एका रात्री टक् असा आवाज आला. बघते तर लाल तुकड्याच्या कडेकडेनं चीर गेलेली.

तर या काचा वितळवण्यालायक आहेत का, की कपाटाच्या दाराला लावून मोकळी होऊ? एका कार्यशाळेत सांगितलं होतं की बाहेरून मागवलेली खास काच नसेल तर या नादाला लागूच नका. खरं आहे का हे?

मिसळप्रेमी_४२२००१
भट्टी कशाला? मे महिन्यात सिडकोतल्या आमच्या गच्चीवर ठेवा, संध्याकाळपर्यंत आपोआप वितळतील.

काचकूच
आयडी बघून तरी मला या धाग्यावर यावंच लागलं. वाचतोय.

भट्टीवाली
ताई, चीर लाल तुकड्याच्या कडेनं गेली हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. निम्मं निदान त्यातच आहे.

काच तापली की फुगते, निवली की आकसते. प्रत्येक काच किती आकसणार ते तिच्या रेसिपीवर ठरतं. दोन वेगळ्या काचा ८२० ला एकजीव होतात, तेव्हा दोघी मऊ असतात, कुणाची तक्रार नसते. निवताना ५०० च्या आसपास दोघी कडक होतात आणि तिथून खाली एक जास्त आकसते, दुसरी कमी. आता वेगळं होता येत नाही, मग ताण साठतो. तो कधी भट्टीतच फोडतो, कधी आठवड्यानं, कधी चहाचा गरम कप ठेवल्यावर.

तुमच्याकडे एक नाही, निदान तीन जातींच्या काचा आहेत. बाजारातली नवी काच म्हणजे फ्लोट. ती वितळलेल्या कथिलाच्या कुंडावर तरंगवून बनवतात. ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टननं १९५९ मध्ये जाहीर केली आणि आपल्याकडे अशी काच १९९० च्या दशकात बनू लागली. वाड्याची साधी काच त्याच्या आधीची, वितळलेल्या काचेतून पत्रा वर ओढून काढलेली. म्हणून ती लहरते. तिसरी रंगीत. तीत प्रत्येक रंगाची रेसिपी पुन्हा वेगळी असू शकते.

म्हणून माझं मत: वाड्याची काच वाड्याच्या काचेवर, बाजारातली बाजारातल्यावर. दोघींचं लग्न लावू नका.

सातपूरकर
भट्टीवाली ताईंशी अर्धा सहमत. आधी एक विचारतो. ८२० ला नेलं हे कळलं. खाली कसं आणलं?

पंचवटीची_पोर
@सातपूरकर, भट्टी बंद केली आणि सकाळी उघडली. मातीची भांडी तशीच काढतात ना?

सातपूरकर
वाटलंच. माझा सातपूरला हीट ट्रीटमेंटचा छोटा कारखाना आहे. काम लोखंडाचं, पण निववण्यात सगळी गंमत असते हे तिथं रोज दिसतं. तुमच्या तबकडीला ॲनीलिंग, म्हणजे ठराविक तापमानाला धरून मग सावकाश निववणं, झालंच नाही. बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला अजून मऊ असतो; तोही कडक व्हायला लागतो तेव्हा बाहेरचा त्याला आकसू देत नाही. हा ताण एकाच जातीच्या काचेतही बसतो. दोन जातींवर सगळं खापर फोडण्याआधी हे बघा.

बाजारातल्या काचेला ५४५ डिग्रीच्या आसपास धरून ठेवायचं. ४ अधिक ४ असा ८ एमएमचा थर असेल तर तासभर धरा. मग तासाला ५० डिग्रीनं ४५० पर्यंत, तिथून तासाला १०० नं ३०० पर्यंत, मग भट्टी बंद. झाकण हात लावता येईल इतकं गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. डोकावायचंही नाही.

भट्टीवाली
@सातपूरकर, ॲनीलिंग न झाल्याची चीर अशी तुकड्याला चिकटून जात नाही हो. ती काचेच्या अंगावरून लांब, वळण घेत, कुठल्याही रंगाची पर्वा न करता जाते. इथं ती लाल तुकड्याची कड धरून गेलीय. ही बेजोड काचेची सही आहे.

सातपूरकर
दोन्ही कारणं एकत्र असू शकतात की. एकानं ताण भरला, दुसऱ्यानं काडी लावली.

काचकूच
दोन्ही पक्षांचं ऐकून काचेनं स्वतःच आत्मसमर्पण केलंय. केस बंद.

पोर्टलंडकर
मी मूळची नाशिकरोडची, सध्या ऑरेगॉनमध्ये पोर्टलंडला असते. बुल्सआय ही काचवाली कंपनी इथलीच, १९७४ पासूनची. एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचांचा पूर्ण संच बनवणं हे त्यांचं मोठं काम. भारतात हौशी लोक ‘नव्वदची काच’ म्हणतात ती हीच. दुसरा गट शहाण्णवचा. त्यातली मोठी कंपनी स्पेक्ट्रम २०१६ मध्ये बंद पडली, पण शहाण्णवची काच आता दुसरे लोक बनवतात.

हे नव्वद-शहाण्णव म्हणजे काय ते एकदा हिशेबानं पाहा, नाहीतर तो नुसता मंत्र होतो. नव्वद म्हणजे एक मीटर लांब काच एका डिग्रीला ९ मायक्रॉन फुगते. ३० सेंटिमीटरची तबकडी ५०० डिग्री निवली तर साधारण १.३५ मिलिमीटर आकसणार. शहाण्णवची तेवढीच तबकडी १.४४. फरक ०.०९ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरचा एक जाडसर केस. तेवढा केस काच फोडायला पुरतो.

आणि आकडा जुळला म्हणजे काच जुळली असंही नाही. निवताना कुठली किती लवकर घट्ट होते त्यावरही बरंच अवलंबून असतं. हे बुल्सआयवालेच सांगतात. दोन कंपन्यांच्या ‘नव्वद’ काचा आकड्यावर भरवसा ठेवून एकत्र करू नये.

अवांतर: २०१६ मध्ये शहरातल्या झाडांवरच्या शेवाळाच्या अभ्यासातून इथल्या काच कारखान्याभोवती हवेत कॅडमियम असल्याचं पुढे आलं आणि मोठा गदारोळ झाला. पिवळ्या-लाल काचेत कॅडमियम असतं, म्हणून आठवलं. घरी घासताना कोरडी घासू नका, पाणी सोडून घासा.

मिसळप्रेमी_४२२००१
शेवाळ खाऊन प्रदूषण कळतं का? गोदावरीतल्या पाणवेलींनाही विचारून बघा.

पोर्टलंडकर
@मिसळप्रेमी, शेवाळाला मुळं नसतात, ते सगळं हवेतूनच घेतं. म्हणून हवेत काय आहे ते त्यात साठतं. खाल्लं कुणी नाही.

सुनीती_कोथरूड
धागाकर्तीच्या कार्यशाळेतल्या मताला मी अनुमोदन देते. मी बाहेरची काच मागवते. महाग पडते, पार्सलमध्ये फुटते, कस्टमवाले वेगळे. पण लाल टाकला की लाल निघतो, डाग नाही, धूसरपणा नाही. बाजारातली काच वितळवली की पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. नवशिक्यानं चांगल्या काचेवर शिकावं, वाईट काचेवर शिकून वैताग येतो.

भट्टीवाली
सुनीती, साय धरते हे खरं. तिला डेव्हिट म्हणतात: ७०० च्या वर काच जास्त वेळ रेंगाळली की वरच्या थरात स्फटिक बनतात. बाजारातल्या काचेला हा रोग जास्त. उपाय दोन. ७०० ते ८३५ हा टप्पा झपकन पार करायचा. आणि काच स्पिरिटनं पुसून तिच्यावर बोरॅक्सचं पातळ पाणी फवारायचं. आपल्याकडे सोनार डाग देताना टाकणखार वापरतात, तोच. सराफ बाजारात सहज मिळतो.

पण ‘वाईट काच’ म्हणू नका. मी बाजारातल्या काचेवरच शिकले, अजूनही तीच वापरते. काचवाल्याकडे कटपीस पडलेले असतात, आरशाच्या दुकानात तर ढीग. तुटलं तर जीव तुटत नाही, म्हणून प्रयोग होतात. महागड्या काचेवर लोक फक्त कोस्टर करत बसतात, कारण बिघडवायची हिंमत होत नाही.

सुनीती_कोथरूड
माझे कोस्टर चांगले आहेत बरं का.

भट्टीवाली
आहेतच. एक पाठवा.

निवृत्त_नाशिकरोड
मंडळी, एक शंका. फ्लोट काचेची कथिलाची बाजू कशी ओळखायची? नातवानं सांगितलं की अतिनील दिव्याखाली दिसते. आमच्या प्रेसच्या गावात नोटा तपासायचे दिवे दुकानादुकानात आहेत, तो आणून पाहिला. काही दिसलं नाही.

सातपूरकर
काका, नोटांचा दिवा साधारण ३६५ नॅनोमीटरचा असतो. कथिलाची बाजू चमकायला २५४ नॅनोमीटरचा आखूड लहरीचा दिवा लागतो. अंधाऱ्या खोलीत काचेजवळ धरला की त्या बाजूला दुधाळ झाक येते. हा दिवा डोळ्याला वाईट, त्याच्याकडे सरळ बघू नका आणि त्वचेवरही धरू नका. एकदा कळलं की काचेवर मार्करनं खूण करून ठेवा. कथिलाची बाजू खाली ठेवली तर वरचा भाग धूसर पडायचं एक कारण कमी होतं.

धागाकर्तीच्या वाड्याच्या काचेला ही भानगड नाही. ती कथिलावर तरंगलेलीच नाही.

चाकावरची_माती
मी कुंभारकाम करते, त्यामुळे भट्टीबद्दल थोडं. मातीच्या भट्टीत तारा बाजूच्या भिंतींत असतात. काचेच्या भट्टीत बहुधा झाकणात असतात, म्हणजे सगळ्या काचेला वरून सारखी ऊब. आपल्या भट्टीत काचेच्या कडा आधी तापतात, मधला भाग मागे राहतो. म्हणून वर जातानाच काच फुटू शकते. तासाला १००-१२० डिग्रीच्या वर घाई करू नका, ५५० ओलांडेपर्यंत तरी. नंतर पळवा. काच भिंतीपासून लांब, मधोमध. काच ज्या फळीवर ठेवता ती भट्टीच्या तळावर टेकवू नका, खाली इंचभर आधार द्या, नाहीतर तळ गार राहतो.

चीर वर जाताना पडली की खाली येताना, ते कडा बघून कळतं. तुटलेली कड गोलसर, वितळल्यासारखी असेल तर वर जातानाच तुटलीय, नंतर भट्टीनं ती गोल केलीय. कड धारदार असेल तर निवताना किंवा नंतर.

आणि फळीला काच चिकटू नये म्हणून ॲल्युमिना आणि चिनी माती समसमान कालवून चार-पाच पातळ हात द्या. पूर्ण वाळू द्या.

काचकूच
रांगोळी पसरली तर? घरात दिवाळीची उरलीय.

चाकावरची_माती
नको रे बाबा. हल्ली मिळणारी बरीच रांगोळी संगमरवराची नाहीतर डोलोमाइटची पूड असते. ८०० च्या पुढे ती वायू सोडते, काचेखाली फुगे येतील. ठिपके मात्र फुकट मिळतील म्हणा.

वाईन_आणि_वांगी
मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत टेस्टिंग रूममध्ये काम करतो. रिकाम्या बाटल्यांचा डोंगर. बाटल्या चपट्या करून त्यांचे ट्रे करतात असं पाहिलंय. तेही याच भट्टीत होईल का? बाटल्या देतो, ट्रे द्या.

भट्टीवाली
होईल, आणि नाशिककरानं सर्वात आधी हेच करावं. एक बाटली म्हणजे एकच काच, स्वतःशी तर जुळणारच. लेबल आणि डिंक पूर्ण धुऊन काढा, आतून कोरडी करा, एक थेंब पाणी राहता कामा नये. बूच काढा म्हणजे हवा बाहेर जाईल. आडवी ठेवा, घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना मातीचे बारके तुकडे टेकवा. ७९० च्या आसपास ती बसते, चपटी होते. निववायचं वर सातपूरकरांनी सांगितलं तसंच, फक्त तळ जाड असतो म्हणून ५४५ ला जास्त वेळ.

एका हिरव्या बाटलीवर दुसऱ्या हिरव्या बाटलीचे तुकडे मात्र चिकटवू नका. रंग सारखा दिसला तरी कारखाना वेगळा असू शकतो.

वाईन_आणि_वांगी
हिरव्या पोती भरून ठेवतो. पांढऱ्या हव्यात का?

मिसळप्रेमी_४२२००१
भरलेल्या हव्यात.

तांबटाचा_नातू
आमचं घराणं तांबट आळीतलं. आता भांडी कमी, शोभेच्या वस्तू जास्त. काचेच्या दोन थरांत तांब्याचा वर्ख ठेवून वितळवला की लालसर रंग येतो असं ऐकलंय. खरं का? आमच्याकडे पातळ पत्र्याच्या कातरणी भरपूर.

भट्टीवाली
खरं आहे आणि बाजारातल्या साध्या काचेतला सर्वात सुंदर प्रकार तोच आहे. दोन थरांत हवा पोचत नाही तिथं तांबं लालसर, डाळिंबी राहतं. कडेनं हवा शिरली तर काळपट, हिरवट. कधी त्याच्याभोवती निळसर बुडबुड्यांची झालर येते, ती मुद्दाम आणता येत नाही पण आली की सोडवत नाही. मी एकदा तांब्याची पिंपळाची पानं कापून घातली होती. शिरा मेणबत्तीच्या उजेडातही मोजता येतात.

पण कातरण जाड नको. तांबं काचेच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. हाताच्या बोटानं सहज चुरगळेल इतका पातळ वर्खच चालतो. पत्रा घातलात तर काच फाटेल. आणि पितळ अजिबात नको, त्यातलं जस्त तापून धूर होतो.

दोन थरांमध्ये हवा अडकते, तेव्हा वर जाताना ६७० च्या आसपास पाऊण तास थांबा. वरचा थर हळूहळू बसतो आणि हवेला बाहेर काढतो. मग ८३५ ला दहा-पंधरा मिनिटं. बस्स.

तांबटाचा_नातू
वर्ख आणून देतो. आजोबा असते तर म्हणाले असते, तांबं काचेत पुरायचं म्हणजे काय.

निवृत्त_नाशिकरोड
थोडं अवांतर, पण या धाग्यावर शोभेल. महाराष्ट्रात काच हा विषय नवा नाही. तळेगावला १९०८ मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना निघाला, लोकांनी पैसा-पैसा देऊन उभा केलेला. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. पुढे १९१६ मध्ये ओगल्यांचा कारखाना, कऱ्हाडजवळची ओगलेवाडी. त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या ओसरीत टांगलेला असे. काच तडकली की वडील दुसरी आणत, कंदील तोच. ती गोल काच पुसायची पाळी माझी असे, राखेनं.

डोंबिवलीचा_दादा
काका, प्रभाकर कंदिलाची काच मिळाली तर भट्टीत घालू देणार नाही हं.

पंचवटीची_पोर
एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काही दोनदा. मैत्रिणीची भट्टी आता फळीखाली आधार घेऊन उभी आहे. एक प्रश्न राहिला. वाड्याची साधी काच आणि वाड्याची रंगीत काच एकमेकींशी जुळते का, हे भट्टीत घालायच्या आधी कसं कळणार? सगळीच उधळून बसायची इच्छा नाही, परत मिळणार नाहीत.

आणि हो, लाल काचेची तुटलेली कड पाहिली. आरपार लाल नाही! काच साधी आहे आणि वर एक बारीक लाल पापुद्रा.

भट्टीवाली
अरे वा, मग ती मुलाम्याची काच. गडद लाल काच पूर्ण जाडीत बनवली तर काळी दिसते, म्हणून साध्या काचेवर लालाचा पातळ थर चढवत. त्या दोन थरांचं एकमेकांशी जमतं, तुमच्या बाजारातल्या काचेशी नाही जमलं. शिवाय जुना तांब्याचा लाल पुन्हा तापवला की काळपट, मातकट होऊ शकतो. लाल काच भट्टीबाहेरच ठेवा. तिची चौकट करा, शिसं किंवा तांब्याच्या पट्टीत बसवा.

जुळणीची चाचणी सोपी आहे. वाड्याच्या साध्या काचेची एक लांब पट्टी कापा. तिच्यावर निळ्याचा एक, हिरव्याचा एक असे नखाएवढे तुकडे अंतर ठेवून ठेवा. आणि न विसरता त्याच साध्या काचेचाही एक तुकडा ठेवा. पूर्ण वितळवा, नीट निववा. मग लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, पट्टी पडद्यासमोर धरा आणि पोलराइड गॉगल डोळ्यासमोर फिरवा, पडदा काळा दिसेपर्यंत. जिथं काचेत ताण आहे तिथं तुकड्याभोवती उजळ कडं दिसेल. जुळत असेल तर सगळं काळंच राहील.

सातपूरकर
आणि तो साध्यावर साधा तुकडा कशाला, तर आमच्या दोघांचं भांडण मिटवायला. त्याच्याभोवतीही उजेड दिसला तर काच निर्दोष आहे, तुमचं निववणं चुकलंय. त्याच्याभोवती काळं आणि फक्त निळ्याभोवती उजेड, तर भट्टीवाली जिंकल्या.

भट्टीवाली
हे पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं तुम्ही. भांडण वाचलं असतं.

सातपूरकर
मजा गेली असती.

डोंबिवलीचा_दादा
मध्येच लाइट गेली तर? आमच्याकडे पावसात रोज जाते.

सातपूरकर
मध्ये गेली तर काहीही झालं तरी झाकण उघडायचं नाही. विटांची भट्टी बरीच ऊब धरून ठेवते, रात्र निघते. धोका लाइट येण्यात आहे. काही कंट्रोलर (भट्टीचे तापमानाचे टप्पे सांभाळणारी यंत्रं) लाइट आली की पहिल्या टप्प्यापासून सुरू होतात, मग निवत आलेली काच पुन्हा ८३५ ला जाते. कंट्रोलर घेताना हे विचारून घ्या.

वीजबिल विचाराल म्हणून सांगतो: तीन किलोवॅटच्या भट्टीला १३ अँपिअर लागतात. साध्या पाच अँपिअरच्या प्लगला लावू नका, १६ चा स्वतंत्र पॉइंट आणि एमसीबी घ्या. तार सतत तापत नाही, चालू-बंद होत राहते, त्यामुळे एका पूर्ण फेरीला साधारण पंधरा-सोळा युनिट धरा.

सुनीती_कोथरूड
तबकडीची वाटी कशी करायची तेही कोणीतरी सांगा. मातीच्या साच्यावर उपडी घातलेली काच माझ्या मैत्रिणीकडे दरवेळी तडकते.

चाकावरची_माती
कारण माती काचेपेक्षा कमी आकसते. उपड्या मातीच्या साच्यावर काच निवताना त्याला घट्ट आवळते आणि स्वतःच फुटते. मातीचा साचा असेल तर काच त्याच्या पोटात बसवायची, म्हणजे ती आकसून सुटी होते. उपडा साचाच हवा असेल तर स्टीलचा घ्यायचा. स्टील काचेपेक्षा जास्त आकसतं, आतून आपणच सुटतं. घरातली जुनी स्टीलची वाटी चालते, फक्त कड आत वळलेली नको. ती आधी तापवून घ्या म्हणजे ॲल्युमिना आणि चिनी मातीचा लेप तिच्यावर बसेल, नाहीतर ओघळतो.

काचकूच
आईनं वाटी शोधली तर?

चाकावरची_माती
तिला एक काचेची द्यायची.

बांगडीवाली_मावशी
मी आत्ताच धागा पाहिला. माझ्याकडे वाढलेल्या बांगड्यांचे डबे भरून तुकडे आहेत. फिरोजाबादच्या. वापरता येतील?

भट्टीवाली
मावशी, वरचीच चाचणी करायची. बांगड्यांत प्रत्येक रंगाची वागणूक वेगळी. सोनेरी नक्षी जळून डाग राहतो, ती आधी खरवडून काढा. नुसत्या बांगड्यांच्या तुकड्यांचे छोटे ठिपके, मणी केले तर बहुधा निभतात. लहान तुकड्यात ताण कमी साठतो. मोठ्या तबकडीवर चिकटवायच्या असतील तर चाचणीशिवाय नको.

पंचवटीची_पोर
चाचणी केली. पडद्यासमोर धरून बराच वेळ गॉगल फिरवत होते, घरचे हसत होते. साध्यावर साधा तुकडा: पूर्ण काळा, एकही उजळ रेघ नाही. म्हणजे निववणं जमलं, सातपूरकर धन्यवाद. हिरव्याभोवती अगदी पुसट कडं. निळ्याभोवती मात्र ठळक, चारी कोपऱ्यांत पांढरे फराटे. लाल भट्टीत घातलीच नाही.

@भट्टीवाली, पुसट म्हणजे चालेल का?

भट्टीवाली
पुसट असेल तर छोट्या कामाला चालेल, मोठ्या ताटाला नाही. हिरवे तुकडे बारीक करून वापरा, एका जागी गर्दी नको. तयार झाल्यावर वस्तू पुन्हा पडद्यासमोर धरा. निळी लालच्या शेजारी चौकटीत.

सुनीती_कोथरूड
मी पण पोलराइड गॉगल शोधतेय. माझे कोस्टर तपासायचे आहेत. कुणाला सांगू नका.

सातपूरकर
सांगितलं.

पोर्टलंडकर
पंचवटीची_पोर, साध्या काचांची जाडी मोजलीत का? वितळलेली काच मोकळी सोडली की साधारण सहा एमएमवर येऊन थांबते. तीन एमएमचा एकच थर ८३५ ला नेलात तर तो आत ओढला जाईल, कडा सुयांसारख्या टोकदार होतील. दोन थर घ्या.

पंचवटीची_पोर
मोजली, कुठं अडीच, कुठं तीन, एकाच काचेत. दोन थर घेते. वरचा खालच्यापेक्षा किंचित लहान कापू का?

पोर्टलंडकर
उलट, वरचा अगदी किंचित मोठा. तो खाली येऊन कड झाकतो, कड गोल येते.

वाईन_आणि_वांगी
पोती तयार आहेत. रविवारी कुणाच्या घरी टाकू?

भट्टीवाली
माझ्या घरी नको, मागच्या आल्यात त्या अजून जिन्यात आहेत. चाकावरची_मातीला विचारा.

चाकावरची_माती
धुतलेल्या असतील तरच या.